हंसाची मान





मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर बेळगावच्या एका दादांनी प्रश्न टाकला होता. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद आहे, तोही चाळीस वर्षांचा. नामस्मरणाला बसलं की मध्येच एखादं नाणं डोळ्यांपुढे येतं म्हणे. मग हा छंद साधनेच्या आड येतो का, सगळी नाणी कुणाला तरी देऊन मोकळं व्हावं का, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. दोन दिवसांत भराभर उत्तरं आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता: देऊन टाका, मोह सुटेल. अपरिग्रह हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. आम्हीही तेव्हा नुसते हात जोडले आणि गप्प बसलो. कारण या विषयात आमचं एक जुनं देणं आहे आणि ते चार ओळींत मावणारं नव्हतं. पत्रिकेच्या ताईंनी “सविस्तर लिहा” म्हटलं, म्हणून आज बसलो आहोत.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. आम्ही दोघं इंदूरचे, कधी फार तर उज्जैन-ओंकारेश्वर करणारे, गेल्या वर्षी लेकीकडे तीन महिने राहून आलो. ती आणि जावई नान्सी नावाच्या गावात नोकरीला आहेत. पूर्व फ्रान्समध्ये लोरेन म्हणून प्रांत आहे, त्यातलं हे शहर. पैठण म्हटलं की पैठणी, तसं या भागाचं नाव निघालं की काच आणि क्रिस्टल. डाउम घराण्यानं १८७८ मध्ये नान्सीतच काचेचा कारखाना हाती घेतला. तिथून साठेक किलोमीटरवर बाकारा नावाचं छोटंसं गाव आहे. तिथला कारखाना १७६४ पासूनचा, पंधराव्या लुई राजाच्या परवानगीनं सुरू झालेला. त्या गावाचं नाव जगभर क्रिस्टलचंच नाव होऊन बसलंय. आपल्या ग्वाल्हेरच्या मंडळींना क्रिस्टल काय असतं ते वेगळं सांगायला नको; जयविलास महालाच्या दरबारातली ती दोन झुंबरं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. छताला तेवढा भार झेपेल का, हे बघायला आधी हत्ती वर चढवले होते, ही गोष्टही प्रत्येक पाहुण्याला ऐकवलेली! पण आम्ही सांगतोय ते तेवढं मोठं काही नाही. तळहातावर मावतील असे प्राणी आणि पक्षी.

लेकीच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. वय अठ्ठ्याऐंशी, एकट्या. सगळे त्यांना मादाम म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्यांना फ्रेंचशिवाय काही येत नाही आणि आम्हाला फ्रेंचमधलं ‘बोंजूर’ सोडून काही येत नाही. पण आमची नात चार वर्षांची आहे, तिला दोन्ही येतं. मोठं काही बोलायचं असलं की लेक दुभाषी व्हायची, बाकी वेळी नात.

मादामच्या बैठकीच्या खोलीत एक उंच कपाट आहे, काचेच्या दारांचं. त्यात साठेक प्राणी. घुबड, ससा, बदकं, मांजर, कासव, एक बैल, मासे. बहुतेक पारदर्शक, काही धुकट पांढरे. धुकट होत्या त्या चिमण्या. लालिक नावाच्या प्रसिद्ध कारागिराच्या. हा रने लालिक मुळात दागिने घडवणारा, नंतर काचेकडे वळला. त्याच्या चिमण्या एकसारख्या नाहीत. एक मान ताठ करून तोऱ्यात बसलेली, एक चिडवणारी, एक लाजून अंग आखडून घेतलेली, आणि त्यांची नावंही तशीच ठेवलेली. नातीनं त्या पाहिल्या आणि ओरडली, “आजी, चिऊताई!” मादामना तो शब्द इतका आवडला की तीन महिने त्या चिमण्यांना ‘शिउताई’ म्हणत होत्या.

आता मुद्द्याचं. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाट उघडलं, खालच्या खणातली लाजरी चिमणी काढली आणि सरळ नातीच्या हातात दिली. आमच्या दोघांच्या छातीत धस्स झालं. एकानं पुढे होऊन हात धरायला पाहिलं. मादामनी आमचा हात बाजूला केला, नातीला गालिच्यावर बसवलं, तिचे दोन्ही तळवे वाटीसारखे केले आणि त्यात ती चिमणी ठेवली. मग आमच्याकडे वळून आमच्या बोटांतल्या अंगठ्या आणि हातातल्या बांगड्या दाखवल्या. उतरवा! अंगठीचा खडा लागला तर क्रिस्टलवर चरा उठतो. म्हणजे पोरीला मोकळीक आणि आम्हाला शिस्त. त्या वयातही बाई कडक.

पुढे रोज दुपारी आमची शिकवणीच सुरू झाली. साधी काच आणि क्रिस्टल यांतला फरक शिशाचा. ‘लेड क्रिस्टल’ म्हणवून घ्यायचं तर युरोपात निदान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं, उत्तम मालात ते ३० टक्क्यांच्या घरात असतं. त्यामुळे वस्तू हातात घेतली की अपेक्षेपेक्षा जड लागते, उजेड आत जाऊन जास्त वळतो, आणि पेल्याच्या कडेवर हलकी टिचकी मारली तर देवघरातल्या घंटेसारखा नाद बराच वेळ रेंगाळतो. भरीव प्राण्यांमध्ये मात्र तो नाद नाही, तिथे वजन आणि तेज बघायचं. धुवायचं कोमट पाण्यात, बेसिनच्या तळाशी जाड टॉवेल अंथरून. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घातलं तर काही दिवसांत तेज कायमचं मरतं. भरीव वस्तू खिडकीतल्या उन्हात ठेवायची नाही, भिंगासारखं ऊन एका जागी गोळा होऊन पडद्याला आग लागू शकते.

आणि खुणा. बाकाराची वस्तू असेल तर तळाशी बारीक गोल शिक्का, आत तीन भांडी कोरलेली: सुरई, पेला, गिलास. १९३६ पासून हा शिक्का वस्तूवरच ॲसिडनं उमटवतात, त्याआधी कागदी लेबल असायचं, ते धुऊन निघून जायचं. लालिकचं वेगळं. रने लालिक १९४५ मध्ये गेला. तोवरच्या वस्तूंवर ‘आर. लालिक’ असं असतं, पुढे मुलाच्या काळात नुसतं ‘लालिक’. मुलानं काच सोडून लेड क्रिस्टल वापरायला घेतलं. आता जुन्याला भाव जास्त, म्हणून लबाड लोक नंतरच्या वस्तूवर एक ‘आर’ कोरून विकतात. अशी एक मासळी मादामना जुन्या बाजारात एकानं गळ्यात घातली होती. ते सांगताना त्यांचा चेहरा असा लाल व्हायचा की बस! वीस वर्षं झाली त्याला, पण राग ताजा. हे मुद्दाम सांगतोय. नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही कुणी विरक्त साध्वीची गोष्ट सांगतोय. तसं नाही. घासाघीस करणाऱ्या, फसवणूक न विसरणाऱ्या, साध्या संसारी बाई आहेत त्या.

त्या खालच्या खणात एक ससा आहे. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा अर्ध्या बोटानं आखूड. आम्हाला वाटलं घडवणाऱ्याची चूक. मादाम हसल्या. त्यांचा नातू पाच वर्षांचा असताना ससा हातातून पडला आणि कानाचं टोक उडालं. तसं काही झालं की क्रिस्टल घासणारे कारागीर तुटलेली कड झिजवून, पॉलिश करून गुळगुळीत करून देतात. तुटलेलं दिसत नाही, पण कान तेवढा आखूड होतो. जाणते लोक विकत घेताना म्हणूनच आधी कान, चोच, शेपटी यांचं माप बघतात. या सशाला आता बाजारात फार किंमत नाही. पण मादामनी तो खालच्याच खणात ठेवलाय, नव्या हातांसाठी. नातू आता तिशीचा आहे, स्ट्रासबुर्गला असतो. आला की कोट काढायच्या आधी ससा उचलतो म्हणे. “तो मला भेटायला येतो की सशाला, कोण जाणे,” असं लेकीनं आम्हाला मराठीत सांगितलं तेव्हा मादाम आमच्या तोंडाकडे बघत होत्या, आम्ही हसतो का ते पाहायला. आम्हाला हसता आलं नाही.

१९९८ ची दिवाळी. आमच्या घरी बैठकीत मोठं शोकेस होतं. त्याच्या मधल्या खणात फ्रेंच क्रिस्टलच्या हंसांची जोडी, एका नातेवाइकांनी मस्कतहून आणलेली. माना वाकवून समोरासमोर, मध्ये बदामाचा आकार. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही ती दाखवायचो, “फ्रान्सची आहे” हे सांगूनच. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी धाकटा भाऊ, त्याची बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा फराळाला आले होते. धाकटीनं अनारसे करून आणले होते, ते इंदुरात तिच्यासारखे कुणाला जमत नसत. भावाची नोकरी त्या वर्षी गेली होती, घर तिच्या शिवणकामावर चालत होतं. तरी अनारसे आणले होते. पोरगा शोकेसपाशी गेला, दार उघडंच होतं. एक हंस खाली आला आणि त्याची मान तुटली.

आम्ही त्याला मारलं वगैरे नाही. आम्ही फक्त एक वाक्य बोललो. “तुमच्या घरी अशी वस्तू असती, तर तिला हात कसा लावायचा ते शिकला असता.” घरात सोळा माणसं होती. ‘आम्ही बोललो’ असं लिहितोय, तर कुणी म्हणेल दोघांतलं नक्की कोण? ते सांगून उपयोग नाही. एक बोललं आणि दुसरं गप्प राहिलं, आणि गेल्या इतक्या वर्षांत त्यातलं वाईट कोणतं ते आम्हाला ठरवता आलेलं नाही. धाकटी उठली, पोराचा हात धरला. भाऊ एक शब्द न बोलता मागोमाग निघाला. ताटं वाढलेली होती.

नंतर भांडण झालं नाही. लग्नामुंजीत भेटायचो, नमस्कार व्हायचे, “काय, कसं काय” व्हायचं. पण त्या घरातलं कुणी आमच्या घरी पाहुणं म्हणून परत आलं नाही. भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. तेराव्याला आम्ही पुढे बसलो होतो, जवळचे म्हणून.

आणि आता खरं सांगायची वेळ आली आहे. त्या दिवाळीनंतर दोन-एक वर्षांनी आपल्या सत्संगात मोहावर निरूपण चालू होतं. ते ऐकून आम्ही घरी आलो आणि शोकेस रिकामं केलं. उरलेला हंस, चिनी मातीच्या बाहुल्या, पितळी मोर, सगळं देऊन टाकलं. शोकेसही दिलं. भिंत मोकळी झाली आणि तिथे आपण परमपूज्यांचा फोटो लावला. पुढच्या सत्संगात हा अनुभव सांगितला तेव्हा किती जणांनी कौतुक केलं होतं! जुन्या मंडळींना आठवत असेल. पण त्या अनुभवकथनात आम्ही पोराचं नाव घेतलं नव्हतं. आम्हाला त्या वेळी ते आठवलंसुद्धा नाही. आमच्या हिशेबी दोष हंसाचा होता, त्याला घरातून काढला म्हणजे झालं.

नान्सीत आम्ही मादामना त्या जोडीचा जुना फोटो दाखवला. दिवाळीचाच, पाठीमागे शोकेस दिसत होतं. त्यांनी चश्मा लावून, फोन जवळ-लांब करून बघितला. मग अगदी सहज म्हणाल्या, यंत्रावर साच्यात दाबून काढलेली आहे, हजारोंनी निघायची. फ्रान्सचीच, पण जुन्या बाजारात पाच-सात युरोला मिळते. आज आणायची का?

लेकीनं ते आम्हाला सांगितलं तेव्हा आमची पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? आधी लाज. एवढ्याशा वस्तूपायी माणसं गेली! पण रात्री अंथरुणावर पडल्यावर दोघांनाही तीच गोष्ट खुपायला लागली. म्हणजे वस्तू खरीखुरी, हातानं घडवलेली, लाखाची असती, तर ते वाक्य चाललं असतं का? आमची लाज सात युरोला होती. सात लाखांना नसती. मग अजून सुटलंय काय?

लेकीनं आम्हाला एक गोष्ट ऐकवली, ती तिला कुठल्याशा व्याख्यानात कळली होती. रोममधली, दोन हजार वर्षांपूर्वीची. सेनेका नावाच्या विचारवंतानं रागाविषयीच्या आपल्या ग्रंथात ती लिहून ठेवली आहे. पोल्लियो नावाचा एक धनाढ्य गृहस्थ होता. त्याच्याकडे सम्राट ऑगस्टस जेवायला आला होता. वाढणाऱ्या एका गुलाम पोराच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. पोल्लियोनं हुकूम दिला, याला तळ्यातल्या माशांपुढे टाका. माणसं खाणारे मोठाले मासे त्यानं पाळले होते. पोरगं सम्राटाच्या पायांशी येऊन पडलं. जीव वाचवा असं नव्हतं म्हणत, एवढंच म्हणत होतं की दुसऱ्या कोणत्याही रीतीनं मारा, माशांना खायला घालू नका. ऑगस्टसनं पोराला सोडायला लावलं, घरातले स्फटिकाचे सगळे पेले यजमानाच्या देखत फोडायला लावले आणि ते तळं बुजवायला सांगितलं.

पहिल्यांदा ऐकताना आम्हाला वाटलं, वा! असाच धडा शिकवावा. पण गुरुबंधूंनो, नंतर विचार करताना आम्ही त्या फुटलेल्या पेल्यांपाशी अडकलो. पोराला सोडवलं ते बरोबर. तळं बुजवलं तेही बरोबर, ते माणूस मारायचं साधन होतं. पेल्यांचा काय अपराध? कुणीतरी कुठल्या तरी खाणीतून तो स्फटिक काढला असेल, कुणी महिनोन् महिने घासून पेला केला असेल. सम्राटाला तो धडा एका उर्मट माणसाला द्यायचा होता, त्यामुळे त्याचं एक वेळ समजतं. पण पेले फुटल्यावर पोल्लियो सुधारला का, हे सेनेका सांगत नाही. आमचं मत विचाराल तर, आम्ही शोकेस रिकामं केलं तेव्हा पोल्लियोही आम्हीच होतो आणि ऑगस्टसही. फक्त पोराला उठवायचं तेवढं राहिलं.

एका शनिवारी लेकीनं आम्हाला रेल्वेनं बाकाराला नेलं. गाव लहान, मधून नदी, एका बाजूला कारखाना. कामगारांची जुनी घरं कारखान्याला लागूनच आहेत. पूर्वी भट्टीतला रस तयार झाला की घंटा व्हायची आणि रात्री-बेरात्रीसुद्धा माणसं उठून कामाला जायची, म्हणून त्यांना तिथेच वसवलेलं. शोकेसमधल्या वस्तूकडे बघताना ही माणसं कधी आपल्या मनात येतात का? आमच्या तरी आली नव्हती. शिशाची धूळ रोज नाकातोंडात घेणाऱ्या पिढ्या गेल्यात त्या तेजामागे.

तिथल्या संग्रहालयात आम्ही जे पाहिलं आणि लेकीनं वाचून दाखवलं, त्यातल्या दोन गोष्टी मनात राहिल्या. घडवलेली वस्तू लगेच गार करत नाहीत. वेगळ्या भट्टीत ठेवून हळूहळू उष्णता कमी करत नेतात, जाड वस्तूला तर फारच वेळ देतात. घाईनं गार केलं तर वरून सगळं ठीक दिसतं, पण आत ताण राहतो, आणि मग पुढे कधीतरी कुणी हातही न लावता ते आपोआप तडकतं. दुसरी गोष्ट अशी की दोष निघालेली वस्तू ते विकत नाहीत. बुडबुडा राहिला, रेघ आली, की फोडतात आणि तो चुरा पुन्हा नव्या रसात घालतात. म्हणजे जिथे ही वस्तू जन्मते तिथे तिचं फुटणं हा रोजचा व्यवहार आहे, कुणी छाती पिटत नाही.

गावात एक चर्च आहे. जुनं दुसऱ्या महायुद्धात पडलं, कारखाना मात्र वाचला. मग १९५० च्या दशकात नवं चर्च बांधलं, आणि त्याच्या भिंतींत त्याच कारखान्याच्या रंगीत क्रिस्टलचे हजारो तुकडे बसवले. बाहेरून बघाल तर राखाडी सिमेंट, वळूनही बघणार नाही. आत गेलात की डोळे निळे-लाल होतात. आम्ही तिथे अर्धा तास नुसते बसलो होतो. नात रंगीत कवडशावर पाय ठेवून उड्या मारत होती, कुणी रागावलं नाही.

परतीच्या आधी मादामकडे शेवटचा चहा झाला. इतके दिवस मनात असलेलं लेकीकरवी विचारलं: सगळ्यात वरच्या खणाला कुलूप का? आम्हाला वाटलं होतं, त्या काहीतरी मोठं सांगतील. त्या म्हणाल्या, “ते माझे आहेत. ते मी कुणाला देत नाही.” बस. वरच्या खणात त्यांच्या नवऱ्यानं दर वाढदिवसाला आणलेले प्राणी आहेत. एकदा त्यातलं मांजर भाचीनं लग्नाच्या टेबलावर मांडायला मागितलं होतं, तेही दिलं नव्हतं.

आता याला काय म्हणायचं? आसक्ती तर आहेच. आपल्या मोजपट्टीनं मोजलं तर बाई नापास. आम्हालाही आधी थोडं खट्टू वाटलं, कारण आमच्या मनात तोवर त्यांची मूर्ती तयार व्हायला लागली होती. पण ज्या कपाटाला वर कुलूप आहे त्याच कपाटाचा खालचा खण पोरांच्या हाताच्या उंचीवर आहे. वरचं घट्ट धरून ठेवणारी बाई खालचं फुटलं तर ओरडत नाही. आणि आम्ही सगळंच वाटून टाकलेले, आमच्या घरी एक पोरगं पंचवीस वर्षं फिरकलं नाही. ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की ‘वस्तू आहे का नाही’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही, असं आम्हाला वाटतं. उदयपूरचे महाराणा सज्जनसिंह यांनी १८७७ मध्ये इंग्लंडच्या ऑस्लर कंपनीला क्रिस्टलच्या खुर्च्या, टेबलं, पलंगसुद्धा सांगितले होते. माल पोचून मांडायच्या आत महाराणा गेले आणि ती खोकी शंभरावर वर्षं न उघडता पडून होती. तिथे ना कुणी त्या वस्तूंना चिकटलं, ना काही फुटलं. पण त्याला अनासक्ती कोण म्हणेल?

म्हणून बेळगावच्या दादांना आमचं सांगणं एवढंच, आणि ते अधिकारानं नाही, पोळलेल्या हातानं आहे. नामात नाणं येतं तर येऊ द्या, ते येईल आणि जाईल. नाणी देऊन टाकायची तर खुशाल द्या, हलकं वाटेल. पण ती देताना हिशेब पुरा झाला असं समजू नका. आधी आठवून बघा, त्या नाण्यांपायी कधी कुणाचा हात झटकला होता का, दारातून कुणी परत गेलं होतं का. नसेल तर दादा, निवांत जमवा, आणि घरातल्या पोरांना तळहातावर ठेवून दाखवा. असेल तर नाणी राहू द्यात की जाऊ द्यात, तिकडे आधी जा. आपल्यातल्या काही जणांना हे पटणार नाही, वस्तू हेच मूळ असं ते म्हणतील. त्यांनी जरूर लिहावं. आमचं शोकेस जाऊन पाव शतक झालं, तरी मूळ काही आम्हाला हाती लागलं नव्हतं.

आल्यावर महिनाभर आम्ही फोनच्या भोवती घिरट्या घातल्या. पुतण्या आता हैदराबादला असतो, त्याला पाच वर्षांची मुलगी आहे. धाकटी त्याच्याकडेच असते. शेवटी नवरात्रात एका संध्याकाळी फोन लावला. त्यानं उचलला. आम्ही अडखळत हंसाचं काढलं, तर तो म्हणाला, “काकू, हंस मला नीट आठवत नाही हो. काका, तुमचं वाक्य आठवतं. आणि घरी जाताना बाबांनी लूनाला किक मारली ती चार-पाच वेळा लागली नाही, ते आठवतं.” मग थोडं थांबून म्हणाला, “आईला देतो.”

धाकटीला आम्ही दोघांनीही, एकामागून एक, चुकलो असं सांगितलं. जिनं बोलायचं तिनं, ज्यानं गप्प राहायचं त्यानं, असं न करता दोघांनी पूर्ण सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. रागावलीही नाही, रडलीही नाही. मग म्हणाली, “वहिनी, माझा अनारशाचा डबा तुमच्याकडेच राहिला हो तेव्हा. नाव घातलेला होता. तेवढा मिळाला तर बघा.”

माळ्यावर शोधला, नाही सापडला. सापडला तो स्वयंपाकघरातच, रोजच्या फळीवर. इतकी वर्षं आम्ही त्यात साबुदाणा ठेवत होतो. उलटा करून पाहिला तर तळाशी बारीक टिंबटिंबांनी तिचं नाव, त्याखाली ‘इंदूर’ आणि १९८६, तिच्या लग्नाचं साल. मादामनी आम्हाला प्रत्येक प्राणी उलटा करून आधी तळाची खूण बघायला शिकवलं होतं. हा डबा रोज हाताळून आम्ही कधी उलटा केला नव्हता.

हैदराबादचं तिकीट धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसाचं आहे. डबा घासून ठेवलाय, पण रिकामा कसा न्यायचा? अनारसे आमच्या हातून कधी जमले नाहीत, विरघळतात तरी नाहीतर दगड होतात. तरी तांदूळ भिजत घातले आहेत. पाणी रोज बदलायचं असतं, आज दुसरा दिवस.